मेहुण्याने निम्मा केलेला समुद्र

माझ्या मेहुण्याने एकदा अख्खा समुद्र निम्मा केला. पाणी निम्मं नाही हो, लाटा. पुरुषभर उंचीची लाट कंबरेएवढी केली, आणि तेही बोटीत आडवं पडून, तोंडावर टोपी ठेवून, घोरत. यात मी फारसं मीठ घातलेलं नाही. समुद्राला मुळात आपलं मीठ पुरतं.

पण तो निम्मा झालेला समुद्र येऊन आदळला तो माझ्या सूनबाईच्या डोक्यावर, आणि तिथून माझ्या. मुलगा कामानिमित्त परगावी, त्यामुळे त्याच्या वाट्याचा वैतागही मलाच. चष्म्याचं दुकान बंद करून मी घरी बसलो तो जरा निवांतपणा मिळावा म्हणून. मिळाला काय, तर जेवताना मीठ मागितलं की रडार ऐकावं लागायचं.

तिचं काम तसं साधं आहे, असं ती म्हणते. आकाशातून एक उपग्रह फिरतो. तो खाली समुद्राला रडारची हाक मारतो आणि कान देऊन बसतो. वाऱ्याने खरखरीत झालेलं पाणी खणखणीत ओ देतं. गुळगुळीत पाणी ती हाक भलतीकडेच टोलवतं, नवरे बायकोची हाक टोलवतात तशी. ओ किती जोरात आली यावरून वारा कळतो, आणि त्या ओ-चं जे चित्र उमटतं त्यातल्या पट्ट्यांवरून लाटा. ढग असोत, अंधार असो, काही अडत नाही. त्या चित्रावरून लाटेची उंची काढायचं एक सूत्र सूनबाईने बसवलं होतं. लग्नाआधीपासून ती त्याच्या मागे होती. माझ्या मुलाला तिने होकार द्यायला वेळ लावला तो त्या सूत्रामुळेच, असं माझं आपलं मत आहे.

आता हे सूत्र बंदराला द्यायचं ठरलं होतं. त्यावरून बंदरवाले सांगणार, आज लहान बोटींनी बाहेर जायचं की नाही. फक्त त्याआधी ते सूत्र समुद्रातल्या बोयाशी ताडून पाहायचं होतं. बोया म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेलं एक पिवळं, गरगरीत पिंप. लाटेबरोबर वर जातं, खाली येतं आणि किती वर गेलो, किती खाली आलो, ते ऑफिसात कळवत राहतं.

ताडून पाहिलं. उपग्रह म्हणाला तीन मीटर. बोया म्हणाला दीड.

दुसऱ्या खेपेला उपग्रह म्हणाला दोन. बोया म्हणाला एक.

सूनबाईच्या साहेबांना ऑफिसात ‘तंतोतंत’ म्हणत, कारण दर वाक्यात त्यांना तो शब्द लागे. तंतोतंत साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले आणि क्षणात निकाल दिला, “सूत्र निम्मं करा.”

“सर, एका बोयासाठी सगळ्या समुद्राच्या लाटा निम्म्या करायच्या?”

“हे बघा. तुमचा उपग्रह आकाशात आहे. बोया पाण्यात आहे. दोघांत ओलं कोण आहे?”

“बोया.”

“मग समुद्राबद्दल तंतोतंत कोणाला माहीत असणार?”

अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि हा घडा तर साहेबांच्या खुर्चीवर पालथा. पुढच्या आठवड्यात बंदराचे अधिकारी बैठकीला येणार होते. तोपर्यंत सूत्र निम्मं करून सही करायची, नाहीतर ते काम दुसऱ्या कोणाकडे जाईल, आणि तो आनंदाने निम्मं करून सही करील. सूनबाई घरी आली ती चपला दोन दिशांना भिरकावतच.

“बाबा, उद्या बाहेर तीन मीटरच्या लाटा असल्या तर बंदराच्या फळ्यावर दीड लागणार. लहान बोटी दीडला बिनधास्त जातात. मग?”

“मग बुडतील,” मी म्हटलं.

“तुम्ही इतकं शांतपणे कसं म्हणू शकता!”

“तू ओरडते आहेसच. दोघांनी ओरडून घर चालेल का?”

तर अशी घरात वादळं चाललेली, आणि त्यात रविवारी माझे मेहुणे उगवले. बायकोचा हा धाकटा भाऊ. त्याची एक लोखंडी बोट आहे, उंच केबिनची, मासेमारीची. तिच्यावरून आम्ही त्याला अ‍ॅडमिरल म्हणतो. चिडवायला म्हणायला लागलो होतो, पण त्याला ते इतकं आवडलं की चिडवण्यातली मजाच गेली. माणूस दिलदार. हातात मासे घेतल्याशिवाय कधी दारात येत नाही. पण बोटीबद्दल बोलायला लागला की आधी पंखा वाढवावा आणि पाय वर घेऊन बसावं. त्याच्या तोंडून ऐकलं तर जगात तीनच गोष्टी आहेत. जमीन, पाणी आणि ती बोट.

सूनबाई जेवणाच्या टेबलावर ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर राखाडी चित्र, खरखरीत घोंगडीसारखं. तिने माझी मान धरून वळवलीच म्हणा ना.

“बाबा, हा ठिपका बघा.”

चाळीस वर्षं मी लोकांना ठिपके दाखवून चष्मे विकले. मला तो लगेच दिसला. राखाडी पाण्यात एक पांढराशुभ्र कण.

“हा बोयाला चिकटून आहे. आणि हे दुसऱ्या दिवशीचं चित्र. पुन्हा तिथेच. लोखंड रडारला असंच चमकतं. ही बोट आहे, बाबा! ठिपका असतो त्या दिवशी बोया निम्मं सांगतो. नसतो त्या दिवशी माझ्याशी जुळतो. कोणीतरी मूर्ख माणूस बोयाला बोट बांधून बसतोय. एवढी जड बोट घट्ट बांधली तर तो बिचारा वरखाली होणार कसा?”

स्वयंपाकघरातून मासे तळता तळता बायको म्हणाली, “कोणता गं बोया? ते पिवळं पिंप का? अगं, आमचा अ‍ॅडमिरल तिथेच तर असतो. म्हणतो, नांगर टाकायचा ताप नाही आणि पिंपाखाली मासे काय जमतात!”

कढईतलं तेल तेवढं चुरचुरत राहिलं. अ‍ॅडमिरल पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला होता, तो त्याने खाली ठेवलाच नाही. पाणी संपलं तरी पीतच राहिला.

“मामा,” सूनबाई म्हणाली. तिचा आवाज इतका गोड झाला की मी खुर्ची मागे सरकवली. “मामा, तुम्ही बोयाला बोट बांधता?”

“बांधतो म्हणजे, टेकवतो.”

“घट्ट?”

“सैल बांधली तर आदळते गं. रंग जातो.”

“मामा, तो बोया लाटा मोजतो!”

“मग मोजू दे की. मी कुठे त्याच्या कामात लक्ष घालतो? तो मोजतो, मी मासे धरतो. उलट माझे आभार मान. एकटा होता तेव्हा केवढा हलायचा! मी बांधल्यापासून बघ, कसा स्थिर झालाय.”

सूनबाईने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. तिने डोकं आपटू नये म्हणून मी टेबलावर हात ठेवला, कारण टेबल काचेचं होतं.

पुढचा तासभर आम्ही दोघांनी अ‍ॅडमिरलला समजावलं. मी पेल्यात बूच तरंगवलं, त्याला दोरा बांधून दाखवला. “बघ, बूच मोकळं असलं की पाण्याबरोबर वर जातं. दोरा ओढून धरला की जात नाही.” त्याने ते लक्षपूर्वक पाहिलं आणि म्हणाला, “भावजी, दोरा चुकीच्या बाजूने बांधलाय तुम्ही.”

शेवटी त्याने शब्द दिला. उपग्रह वरून जायच्या दिवशी बोट बोयाला बांधणार नाही. सूनबाईने दिवस सांगितला, बायकोने त्याला दुसऱ्यांदा वाढलं, आणि मला वाटलं, सुटलो.

तो दिवस आला, उपग्रह गेला, चित्र आलं. ठिपका तिथेच! सूनबाईने ऑफिसातून मला फोन केला. मी तडक धक्क्यावर गेलो. अ‍ॅडमिरल बोट धूत होता.

“अरे, शब्द दिला होतास ना?”

“पाळला की! आज सैल बांधली.”

“बांधायचीच नाही असं ठरलं होतं!”

“भावजी, अशी अचानक सोडली तर माशांना संशय येतो.”

मी धक्क्याच्या कठड्यावर बसलो आणि समुद्राकडे बघत राहिलो. समुद्र केवढा मोठा, आणि त्यात बांधायला या माणसाला एवढंच एक पिंप सापडावं?

मी सूनबाईला म्हटलं, “साहेबांना सरळ सांग, बोट बांधलेली असते.”

“सांगितलं. म्हणाले, शक्य नाही. बोयावर पाटी आहे, ‘जवळ येऊ नये.’ पाटी असताना बोट येईलच कशी? मी म्हटलं, ठिपका बघा. म्हणाले, रडारच्या चित्रात असा कचरा असतोच.”

“मग बोटीचं नाव सांग. मामांना साक्षीला उभं कर.”

तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या हातात लाटणं नव्हतं, पण चेहऱ्यावर होतं.

“माझ्या भावाचं नाव कोणी घ्यायचं नाही. सरकारी बोयाला बांधली म्हणून त्याचा परवाना काढून घेतील. सूत्र काय, आज नाही तर उद्या दुसरं येईल. भाऊ मला एकच आहे.”

“आई, उद्या बोटी बाहेर जातील ना, दीडचा फळा वाचून! त्यात कोणाकोणाचे भाऊ असतील.”

“मग दुसऱ्या कशाने तरी सिद्ध कर. एवढी शिकलीस ना!”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या अरुंद पट्टीवर मी. सासूसुनेचं बोलणं बंद झालं. दोघी एकमेकींचे निरोप माझ्यामार्फत द्यायला लागल्या. “त्यांना सांगा, चहा झालाय.” “त्यांना सांगा, मला नको.” दोघी एकाच खोलीत, चार हातांवर. बैठक दोन दिवसांवर आली तेव्हा सूनबाईने निम्म्या सूत्राचा कागद घरी आणला आणि टेबलावर पालथा ठेवला. सही केलेली नव्हती. पण पेन जवळच ठेवलेलं होतं, आणि ते मला आवडलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, नाव कोणीच घ्यायचं नाही. बायकोचा हुकूम अक्षरशः पाळायचा. आणि अ‍ॅडमिरलकडे गेलो.

“अरे, तुझ्या बोटीचा आकाशातून फोटो काढलाय. थेट उपग्रहाने.”

“माझ्या बोटीचा?” त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. बंदराचे अधिकारी येणार बघायला. तू तिथे असावंस असं मला आपलं वाटलं. कोणाला सांगू नकोस, बहिणीला तर मुळीच नाही. तिला नंतर आश्चर्याचा धक्का देऊ.”

धक्का बसणार होता यात मला शंका नव्हती.

बैठकीच्या दिवशी अ‍ॅडमिरल आला तो केसांना पाणी लावून, इस्त्रीचा कोट घालून. कोटाला माशांचा वास येत होता, पण इस्त्री कडक होती. मी त्याला मागच्या खुर्चीवर, दाराजवळ बसवलं. आम्हाला आत कोणी सोडलं म्हणाल, तर मी दारावरच्या माणसाला म्हटलं, “चष्मा बदला तुम्ही, उजव्या डोळ्याचा नंबर वाढलाय.” तो डोळा चोळेपर्यंत आम्ही आत होतो.

सूनबाईने आम्हाला पाहिलं. आधी मला, मग कोटाला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मोजायला अजून उपग्रह निघायचा आहे.

तंतोतंत साहेबांनी सुरुवात केली. बोया कसा विश्वासाचा, सूत्र कसं दुप्पट बोलतं, आणि ते निम्मं केलं की सगळं कसं तंतोतंत जुळतं. बंदराचे अधिकारी चहात बिस्कीट बुडवत ऐकत होते. मग सूनबाई उठली. तिच्यासमोर तो कागद होता, अजूनही बिनसहीचा. तिने पडद्यावर राखाडी चित्र लावलं.

“मी यावर सही करणार नाही,” ती म्हणाली. “सूत्र बरोबर आहे. बोया निम्मं सांगतो तो फक्त अशा दिवशी, जेव्हा त्याच्याजवळ हा ठिपका असतो.”

“पुन्हा ठिपका!” साहेब वैतागले. “मी सांगितलं ना, तो कचरा आहे.”

माझ्या शेजारची खुर्ची करकरली.

“सर, हा दर वेळी एकाच जागी असतो. कचरा असा ठरवून येत नाही.”

“मग पक्षी असेल. एखादं डबडं तरंगत आलं असेल.”

“डबडं?” अ‍ॅडमिरल उभा राहिला. “डबडं कोणाला म्हणता?”

सगळ्यांनी माना वळवल्या. साहेब म्हणाले, “हे कोण?”

मी छताकडे बघितलं. नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

“ती माझी बोट आहे!” अ‍ॅडमिरल पडद्यापर्यंत चालत गेला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “ही केबिन. तिथून बघा, इथपर्यंत. अख्ख्या किनाऱ्यावर एवढी भक्कम बोट दाखवा आणि मग डबडं म्हणा.”

“तिथे बोट येणं शक्य नाही,” साहेब म्हणाले. “तिथे पाटी आहे.”

“आहे ना! त्या पाटीच्याच कडीला तर बांधतो मी.”

अधिकाऱ्यांचं बिस्कीट चहात पडलं. ते काढायचं त्यांना सुचलं नाही.

“बांधता? घट्ट?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“साहेब, मनगटाएवढा दोर आहे. वारा असला की दोन दोर. मध्ये टायर लावतो, दणका बसत नाही. बोया एवढासुद्धा हलत नाही. काय बिशाद आहे त्याची!” आणि मग, जरा नम्रपणे, “दोन वर्षं झाली, पण कधी तक्रार नाही त्याची.”

सूनबाईने पुढचं चित्र लावलं. “या दिवशी ठिपका नाही. बोया अडीच म्हणतो, सूत्र अडीच म्हणतं.” पुढचं. “हाही बिनठिपक्याचा. जुळतं.” पुढचं. “ठिपका आहे. बोया निम्मा.” तिचा आवाज आता शांत होता, आणि तो ऐकून मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस ती किती घाबरलेली होती.

बंदराच्या अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, “म्हणजे सूत्र निम्मं करून आम्ही फळ्यावर दीड लिहिलं असतं, आणि बाहेर तीनच्या लाटा असत्या?”

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग अ‍ॅडमिरलच्या कोटाकडे, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “तंतोतंत.”

निम्म्या सूत्राचा कागद अधिकाऱ्यांनी स्वतः फाडला. सूनबाईचं सूत्र होतं तसं बंदराला गेलं. जाता जाता त्यांनी तिला विचारलं, “हे गृहस्थ कोण, माहीत आहे तुम्हाला?”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “माझे मामेसासरे.” तिने ते लपवलं नाही, आणि मला तिचा अभिमान वाटला. मग अधिकाऱ्यांनी अ‍ॅडमिरलचा परवाना हंगाम संपेपर्यंत काढून घेतला, आणि मला घरी जायची भीती वाटली.

ती रास्त होती. बायको माझ्याशी बोलेना. “मी त्याचं नाव घेतलं नाही,” असं मी चार वेळा सांगून पाहिलं. पाचव्यांदा तिने पंखा बंद केला. सूनबाईशी मात्र तिने बोलणं सुरू केलं. कारण पुढच्याच आठवड्यात फळ्यावर तीन लागले, बोटी धक्क्यालाच राहिल्या, आणि दुपारी समुद्र असा उसळला की धक्क्यावरचं पाणी रस्त्यावर आलं. बायको खिडकीतून ते पाहत उभी होती. वळून म्हणाली, “पोरी, जेवून घे.” बस, एवढंच.

पण माझी सुटका कुठली व्हायला! बोट बंद, त्यामुळे अ‍ॅडमिरल रोज सकाळी आमच्याकडे. सूनबाई तयार होत असते, आणि हा दारात खुर्ची टाकून विचारतो, “आज किती?” ती म्हणते, दोन. लगेच याचा फोन वाजतो. किनाऱ्यावरचे सगळे बोटवाले आता फळा बघत नाहीत, याला विचारतात. का, तर याच्या घरात उपग्रह आहे.

“आज साडेतीन,” अ‍ॅडमिरल फोनवर सांगतो. “वारासुद्धा आहे. घरीच बसा.”

“मामा!” सूनबाई आतून एका पायात चप्पल घालून धावत येते. “दोन सांगितलं मी! दोनच सांगा!”

“अगं, थोडं वाढवून सांगितलेलं बरं असतं.”

“बंदरातून फोन आलाय मला! विचारतात, कोणीच बाहेर का जात नाही?”

“कशाला जायचं बाहेर?” अ‍ॅडमिरल म्हणतो. “मी नाही तर कोणीच नाही.”

सूनबाई माझ्याकडे बघते. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघते. जसं काही हा समुद्र मीच खवळवलाय.